धरणाच्या वरचे आणि खालचे

भोरहून महाडकडे निघालेली एसटी वरंध घाटाच्या दिशेने चढू लागली की बराच वेळ नीरा-देवघरचे पाणी सोबत करते. पावसाळा सरला की ते काठोकाठ असते. मे महिन्यात खाली उतरते आणि जुन्या बांधांच्या, वाटांच्या रेषा उघड्या पडतात. हिर्डोशी, शिरगाव, दुर्गाडी ही या बाजूची गावे. नीरेचा उगमही इथलाच, शिरगावचा. भात, नाचणी, वरई आणि रानातला हिरडा यांवर जमेल तितके भागवायचे आणि बाकीसाठी पुण्या-मुंबईला माणूस पाठवायचा, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. धरणात पावणेबारा टीएमसीच्या आसपास पाणी मावते. त्याचा मोठा वाटा कालव्याने पूर्वेला, खंडाळा-फलटण-माळशिरसकडे न्यायचा असा प्रकल्पाचा आराखडा. ज्यांच्या जमिनीवर पाणी उभे राहिले ते वर राहिले आणि ज्यांच्या शेतात ते जायचे ते खाली. वरच्यांची घरे उठली, तर खालचे कालव्याच्या अर्धवट कामांकडे वर्षानुवर्षे डोळे लावून बसले.

भोर-वेल्ह्यात अशी धरणे पैशाला पासरी. भाटघर इंग्रजांच्या काळातले. त्याचे पाणी उतरले की वेळवंड खोऱ्यातले कांबरेश्वराचे देऊळ वर येते आणि लोक दर्शनाला जातात. गुंजवणी अलीकडचे. पानशेत १९६१च्या जुलैत फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला. त्या पुराच्या आठवणी शहराने जपल्या, त्यांवर पुस्तके निघाली. पानशेतच्या बुडितात गेलेल्या गावांची आठवण काढणारे मात्र थोडेच.

या मुलखातल्या वाचकासमोर गेल ऑम्व्हेट यांचे चरित्र ठेवताना ही सुरुवात मुद्दाम केली आहे. अमेरिकेतल्या मिनीॲपोलिस शहरात २ ऑगस्ट १९४१ रोजी जन्मलेली, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची समाजशास्त्रातली डॉक्टरेट मिळवलेली ही बाई सांगली जिल्ह्यातल्या कासेगावची सून झाली, भारताची नागरिक झाली आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच वारली. विदुषी म्हणून तिचे नाव जगभर गाजले. पण धरणाच्या वरच्यांना आणि खालच्यांना एकाच हिशोबात धरण्याचे काम तिने जितक्या चिकाटीने केले, तितके फार थोड्या अभ्यासकांनी केले असेल. दोघांपैकी एकाचीच बाजू घेणारे पुष्कळ असतात आणि ते सोपेही असते. गेलताईंनी सोपे सोडून दिले आणि त्यापायी दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या.

अभ्यासिकेतून उठून राजकारणात उतरलेल्या बायका जगाला नव्या नाहीत. पॅलेस्टाईनच्या हनान अश्रावी यांचे उदाहरण सगळ्यांत ठळक. १९४६ साली नाब्लुसला जन्म, बैरूतला इंग्रजी साहित्याचे शिक्षण. १९६७च्या युद्धाने घरी परतायची वाट बंद केली आणि ती काही वर्षांनी उघडली. मध्ययुगीन साहित्यावर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाची डॉक्टरेट, मग बिरझेत विद्यापीठात इंग्रजीचा विभाग. १९९१ला माद्रिदच्या शांतता परिषदेत पॅलेस्टिनी शिष्टमंडळाच्या प्रवक्त्या म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि जगाने प्रथमच ती बाजू एका प्राध्यापिकेच्या नेमक्या, तोलून वापरलेल्या भाषेत ऐकली. गेलताईंशी अधिक जवळचे नाते लागते ते मात्र रोझमेरी सायिग यांचे. मूळच्या इंग्रज, लग्न एका पॅलेस्टिनी अर्थतज्ज्ञाशी. लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावण्यांत बसून त्यांनी बुडालेल्या, हिरावलेल्या गावांच्या आठवणी टिपल्या. छावणीतला शेतकरी लढवय्या कसा झाला हे सांगणारे त्यांचे पुस्तक लंडनच्या झेड प्रेसने १९७९ साली काढले. पुढच्याच वर्षी त्याच प्रकाशनाने गेल ऑम्व्हेट यांचे भारतीय स्त्रियांच्या लढ्यांवरचे पुस्तक छापले. दोघीही परक्या मुलखाच्या सुना झाल्या आणि दोघींनीही तिथल्या बायकांच्या तोंडून इतिहास उतरवला.

महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. गोदावरी परुळेकर वकिलीच्या पदवीधर. सुखवस्तू पुणेरी घर सोडून त्या डहाणू-तलासरीच्या वारल्यांत गेल्या. दुर्गा भागवत लोकसाहित्याच्या अभ्यासक. १९७५च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीच्या दिवसांत आवाज चढवला आणि पुढे तुरुंगात गेल्या. मेधा पाटकर यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतले पीएचडीचे काम अर्धे टाकून नर्मदेचे खोरे गाठले. या सगळ्यांत एक धागा आहे: अभ्यास मागे पडतो किंवा चळवळ ओसरल्यावर परत हाती घेतला जातो. गेलताईंच्या बाबतीत तसे झाले नाही. मोर्चा, बैठक, धरणाची जागा आणि ग्रंथालय ही त्यांची एकाच दिवसातली कामे होती. त्यामुळे त्यांच्या पुस्तकांना कधी घाईचा वास येतो. पण त्यांत उधार घेतलेली चीड कुठे सापडत नाही.

मिनेसोटा राज्यातल्या कार्लटन कॉलेजातून बाहेर पडल्यावर १९६३-६४ साली त्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इंग्रजी शिकवायला पहिल्यांदा भारतात आल्या. परतल्या त्या बर्कलीला. साठच्या दशकातले बर्कली म्हणजे व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांचे आणि काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीचे गाव. वंशाच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरलेल्या त्या पिढीतल्या मुलीने जातीच्या प्रश्नाकडे वळावे यात नवल नाही. नवल आहे ते विषयाच्या निवडीत. त्या काळी भारतात येणारा परदेशी अभ्यासक बहुधा काँग्रेस, गांधी किंवा खेड्यातली जजमानी पद्धत यांवर लिहायचा. गेल ऑम्व्हेट यांनी विषय घेतला पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा आणि काळ ठरवला १८७३ ते १९३०. १८७३ म्हणजे सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचे साल.

आज जोतीराव फुल्यांवर ग्रंथांची रास आहे. १९७० साली नव्हती. ‘दीनबंधू’, ‘दीनमित्र’ यांसारखी पत्रे, सत्यशोधक जलशांची छोटी पुस्तके, खेडोपाडीच्या कार्यकर्त्यांच्या आठवणी असा पसारा इथे-तिथे विखुरलेला होता. विद्यापीठांना त्याची फारशी पत्रास नव्हती. मराठी शिकलेली ही परदेशी मुलगी घरोघरी जाऊन ते वाचत बसली. १९७१ साली मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त तिचा फुल्यांवरचा लेख आला. फुल्यांना समाजसुधारकांच्या रांगेतून बाहेर काढून सामाजिक क्रांतीचा विचारवंत म्हणून इंग्रजी वाचकांपुढे उभे करणाऱ्या पहिल्या लेखनांत तो मोडतो. १९७३ला डॉक्टरेट मिळाली आणि १९७६ला तो प्रबंध मुंबईतूनच पुस्तकरूपाने निघाला.

भोर तालुक्यातल्या वाचकाला त्या प्रबंधात एक ओळखीचे घर भेटते. ब्राह्मणेतर चळवळीचे विसाव्या शतकातले पुण्यातले केंद्र म्हणजे शुक्रवार पेठेतले जेधे मॅन्शन आणि तिथले केशवराव जेधे. हे घराणे कारीच्या जेधे देशमुखांचे. शिवकाळातल्या कान्होजी जेध्यांचे. रोहिड खोऱ्यातली देशमुखी, मग पुण्यात पितळी भांड्यांचा धंदा, मग दिनकरराव जवळकरांसारख्या तिखट लेखणीच्या मित्राबरोबर सनातन्यांशी उघड लढाई, मग काँग्रेस आणि पुढे शेतकरी कामगार पक्ष, संयुक्त महाराष्ट्र. बखरींत आणि पोवाड्यांत मावळचा मराठा तलवारीसह दिसतो. या प्रबंधात तो छापखाना, जलसा, नगरपालिकेची निवडणूक आणि पुतळ्यांवरून झालेले वाद यांत दिसतो. मावळच्या इतिहासाची गोडी असलेल्यांनी तेवढ्यासाठी तरी हे पुस्तक उघडावे. गडकोटांच्या पुस्तकांतून न भेटणारा मावळ तिथे आहे.

त्याच सुमारास आणखी एक अमेरिकन विदुषी आंबेडकरी चळवळीवर काम करत होती: एलिनॉर झेलियट. त्यांचा प्रबंध १९६९चा. झेलियट पुढे कार्लटनला शिकवत राहिल्या, वरचेवर महाराष्ट्रात येत राहिल्या, दलित साहित्याला इंग्रजी वाचक मिळवून देत राहिल्या. त्यांचे ऋण मोठे. गेलताई परत गेल्या नाहीत. पुढे वसंत मून यांच्या ‘वस्ती’ या आत्मकथनाचे इंग्रजी भाषांतर गेलताईंनी केले आणि त्याला प्रास्ताविक झेलियट यांनी लिहिले. नागपूरच्या एका दलित वस्तीतले बालपण अमेरिकेतल्या दोन बायकांच्या हातून जगापुढे गेले हा योगायोग मराठी विद्यापीठांना शोभा देणारा नाही, पण झाला खरा.

राहण्याचा निर्णय पुस्तकाने घडवला नाही. तो दुष्काळाने घडवला. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका महाराष्ट्रभर एकत्र आल्या. घरची चूल आणि शेजारचा बांध यापलीकडे ज्यांना कुणी एकत्र पाहिले नव्हते, त्या शेकड्यांनी एका मुकादमासमोर उभ्या राहून मजुरी मागू लागल्या. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याला श्रमिक संघटनेच्या भिल्ल बायकांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या आणि जमिनीच्या लढ्यात पुढे झाल्या. १९७५च्या ऑक्टोबरात पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली, तेव्हा खेड्यातल्या मजूर बाया आणि शहरातल्या कार्यकर्त्या एका मांडवात बसल्या. गेल ऑम्व्हेट या सगळ्यांत वही घेऊन हिंडत होत्या. शेतमजूर बायकांशी बोलताना अभ्यासक बाईलाच उलटे प्रश्न येत: तुमच्याकडे नवरे मारतात का, तुमच्याकडे मजुरी सारखी देतात का. झेड प्रेसच्या पुस्तकात हे उलटे प्रश्न शाबूत ठेवलेले आहेत. त्या काळच्या समाजशास्त्रात ही गोष्ट सहसा गाळली जायची, आणि अनेकांच्या लेखी अजूनही तीच ‘शिस्त’ आहे.

१९७६ साली त्यांनी भारत पाटणकर यांच्याशी लग्न केले. पाटणकर शिकलेले डॉक्टर, दवाखाना बाजूला ठेवून पूर्णवेळ कार्यकर्ता झालेले. पण कासेगावच्या त्या घरातली खरी कर्ती म्हणजे सासूबाई. इंदुताई पाटणकर स्वातंत्र्यलढ्यात, साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या काळात तरुणपणीच उतरलेल्या. नवरा बाबूजी पाटणकर, तेही त्याच लढ्यातले. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच त्यांचा खून झाला. एकट्या बाईने शिक्षिकेची नोकरी करत मुलगा वाढवला आणि चळवळ सोडली नाही. अमेरिकेहून आलेली सून आणि प्रतिसरकारात घडलेली सासू यांनी मिळून पुढे परित्यक्तांची चळवळ उभी केली. नवऱ्याने टाकलेल्या बाईला रेशनकार्डावर नाव नाही, घराला जागा नाही, माहेरी मान नाही. तिला स्वतंत्र रेशनकार्ड द्या, गावठाणात घरापुरती जागा द्या, अशा त्या मागण्या होत्या. दिल्लीतल्या चर्चासत्रांत स्त्रीमुक्तीची व्याख्या चालली होती तेव्हा सांगली-साताऱ्यात तलाठ्याच्या आणि तहसीलदाराच्या टेबलावर ती अशी मांडली जात होती. हिर्डोशीसारख्या खोऱ्यात, जिथे नवरा वर्षाचे महिनेच्या महिने मुंबईला आणि घर-शेत बाईच्या माथी, तिथे सातबाऱ्यावर बाईचे नाव किती ठिकाणी आहे हे ज्याने-त्याने आपापल्या गावात बघावे.

१९८० साली श्रमिक मुक्ती दलाची स्थापना झाली. १९८३ साली गेलताईंनी भारताचे नागरिकत्व घेतले. अमेरिकेचा पासपोर्ट परत करणारे लोक तेव्हाही थोडे होते, आता तर दुर्बिणीने शोधावे लागतील. चरित्रकारांना इथे त्यागाचा पोवाडा गावासा वाटतो. तो मोह आवरावा. कागद भारताचे झाले तशी त्यांना इथल्या सरकारवर, पक्षांवर, बुद्धिवाद्यांवर टीका करण्याची मोकळीक मिळाली, आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली.

आता बळीराजा धरणाकडे यावे लागते, कारण गेलताईंचे सारे म्हणणे त्या एका बांधकामात सापडते.

सांगली जिल्ह्याचा खानापूर तालुका पर्जन्यछायेतला. येरळा नदी पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर वाळूची. इथले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, लांबला, आणि माणसे गावी परतली. गावात दुष्काळ. परतलेल्या कामगारांना संघटना म्हणजे काय हे ठाऊक होते. त्यांनी रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची बांधणी केली आणि त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. रोज खडी फोडून पोट भरेल, पण दुष्काळ का पडतो? विहिरी का आटल्या? उत्तर नदीच्या पात्रात होते. ठेकेदार सरकारी लिलावातून वाळू उचलत होते, पात्र खरवडले जात होते, काठच्या विहिरींचे पाणी खोल चालले होते. लोकांनी वाळूचे ट्रक अडवले.

पुढची पायरी नुसत्या विरोधाची नव्हती. तांदुळवाडी आणि बलवडी या दोन गावांनी ठरवले की येरळेवर आपणच छोटे धरण बांधू. पात्रातली थोडी वाळू विकायची परवानगी सरकारने द्यावी, त्या पैशातून बांधकाम होईल. के. आर. दाते यांच्यासारख्या जाणत्या अभियंत्याने आराखड्याला हात लावला. बाहेरून विद्यार्थी श्रमदानाला आले. सरकारी परवानगीसाठी हेलपाटे झाले, मोर्चे झाले, आणि ऐंशीचे दशक संपता संपता धरण उभे राहिले. नाव ठेवले बळीराजा. फुल्यांनी शेतकऱ्याचा राजा म्हणून ज्या बळीला इतिहासात आणले, तोच बळी. बर्कलीच्या प्रबंधातला नायक असा येरळेच्या पात्रात सिमेंटने पक्का झाला.

धरणापेक्षा मोठी गोष्ट पाणीवाटपाची. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, माणसांच्या हिशोबाने द्यायचे, असे ठरले. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त हा कालव्यांचा सर्वमान्य नियम इथे उलटवला गेला. भूमिहीनालाही वाटा; त्याने दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी आणि आपल्या हक्काचे पाणी तिथे वापरावे. ऊस मात्र नाही, कारण एकाच्या उसात दहाजणांची ज्वारी बुडते. समन्यायी पाणीवाटप या नावाने ही मागणी पुढे दक्षिण महाराष्ट्रात पसरली. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पाणी संघर्ष चळवळीने आटपाडी आणि आसपासच्या तेरा दुष्काळी तालुक्यांत ती लावून धरली. बळीराजा धरण छोटे आहे, त्याने सांगलीचा दुष्काळ हटला नाही, आणि सगळे ठराव कागदावर होते तसेच शेवटपर्यंत पाळले गेले असा दावा कुणी करू नये. पण पाणी हा जमिनीला चिकटलेला हक्क नसून माणसाचा आहे, हे त्याने करून दाखवले.

याच काळात कृष्णा खोऱ्यात धरणांची घाई सुरू झाली. बच्छावत लवादाने १९७६ साली महाराष्ट्राला कृष्णा खोऱ्यातले ५६० टीएमसी पाणी दिले होते आणि फेरविचाराची मुदत २००० सालची होती. तोवर आपले पाणी अडवून दाखवले नाही तर ते हातचे जाईल, अशी हवा झाली. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले, रोखे काढून पैसा उभा राहिला आणि जागोजाग कुदळी पडल्या. नीरा ही भीमेची, भीमा कृष्णेची. नीरा-देवघरही त्याच महामंडळाखालचे धरण. हिर्डोशी खोऱ्यातली जमीन कोणत्या कारणाने आणि कोणत्या घाईत गेली, याचा अर्धा उलगडा त्या लवादाच्या निवाड्यात आहे.

विस्थापितांच्या बाजूने महाराष्ट्रात लढाई आधीपासून होती. मुळशीचा सत्याग्रह १९२१चा. कोयनेच्या विस्थापितांची पाहणी इरावती कर्वे यांनी जाई निंबकरांबरोबर केली आणि ती १९६९ला प्रसिद्ध झाली. एका मानववंशशास्त्रज्ञ बाईने सरकारी आकड्यांमागची घरे मोजली होती. सत्तरच्या दशकात बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा अशांनी धरणग्रस्तांची परिषद उभी केली. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा तिची. तिच्याच रेट्याने १९७६चा पुनर्वसन कायदा आला आणि धरणग्रस्ताला लाभक्षेत्रात पर्यायी जमीन देण्याचे तत्त्व मान्य झाले. म्हणजे वरच्याला खालच्या जमिनीत वाटा. कागदावर किती साधे. प्रत्यक्षात संकलन रजिस्टरात नाव चढायला, भरपाईतले पासष्ट टक्के कापून घ्यायला, अठरा नागरी सुविधांपैकी निम्म्या तरी मिळायला एक पिढी खर्ची पडते, हे भोर-वेल्ह्यातल्या कुणालाही वेगळे सांगायला नको. आणि लाभक्षेत्रातला शेतकरी धरणग्रस्ताला शिवेवर उभे करत नाही, हेही.

इथे गेलताईंची भूमिका अनेकांना खटकते. १९९९ साली अरुंधती रॉय यांचा नर्मदेवरचा गाजलेला निबंध आला, तेव्हा सारे पुरोगामी वर्तुळ भारावून गेले होते. गेलताईंनी त्यांना जाहीर पत्र लिहिले. त्याचा रोख असा: मोठ्या धरणांना सरसकट नकार देताना दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याचे काय, त्याने कायम खडी फोडायची काय? आदिवासींच्या वतीने कोण बोलते आहे आणि त्यांना आपल्यासाठी काय हवे आहे हे विचारले कुणी? धरणाची उंची कमी करता येते, आराखडा बदलता येतो, पाणी सारखे वाटता येते. हा मधला मार्ग लढ्यातून गायब का झाला? नर्मदेच्या कार्यकर्त्यांना हे पत्र पाठीत खुपसलेल्या सुऱ्यासारखे वाटले. घाव वर्मी लागला होता यात शंका नाही. पत्रातला सूर काही ठिकाणी अन्यायकारक आहे. ज्या आंदोलनाने पुनर्वसनाचा प्रश्न देशाच्या चव्हाट्यावर आणला त्याला त्याचे श्रेय तिथे पुरेसे मिळत नाही. तरीही प्रश्न खरा होता. हिर्डोशीत उभे राहून फलटणच्या शेतकऱ्याला शत्रू ठरवणे सोपे, आणि माळशिरसात उभे राहून वरच्या गावांना ‘विकासाच्या आड येणारे’ म्हणणे त्याहून सोपे. त्या दोघांना एका टेबलाशी बसवायचे तर वाटपाचा नियम बदलायला हवा, इतकाच त्यांचा आग्रह.

त्यांच्या सगळ्या मतांचा वकील होण्याची गरज नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ला चांदवडला भरवलेला बायकांचा प्रचंड मेळावा आणि त्यानंतर बायकोच्या नावे जमीन करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम यांनी त्या भारावल्या, आणि रास्तच. पण त्याच ओघात नव्वदच्या दशकात त्यांनी खुल्या बाजाराचे, जागतिकीकरणाचे स्वागत केले. नोकरशाही आणि संरक्षित भांडवल यांच्या पकडीतून शेतकरी आणि दलित मोकळे होतील ही त्यांची आशा होती. कापसाच्या आणि कांद्याच्या पट्ट्यात पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. डावे मित्र त्यांच्यावर रुसले, काही कायमचे. त्यांच्या चरित्रातला हा भाग झाकू नये. चूक असो की बरोबर, मित्रांना विचारून त्या मत बनवत नसत.

२००१ साली दक्षिण आफ्रिकेत दरबानला वंशवादाविरुद्धची संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. जातीचा प्रश्न तिथे नको, असे भारत सरकारचे म्हणणे. गेलताईंनी जातीचा प्रश्न जगापुढे यायलाच हवा म्हणून वर्तमानपत्रांतून बाजू लावली. त्याच परिषदेत पॅलेस्टाईनच्या प्रश्नावरून अमेरिका आणि इस्रायल उठून गेले. जात आणि पॅलेस्टाईन, दोन्ही विषय एकाच छपराखाली ‘आमच्या घरचा मामला’ म्हणून दाबले जात होते.

उरलेल्या पुस्तकांची नावे पटकन सांगता येतात, वाचायला वेळ लागेल. दलित चळवळ आणि लोकशाही क्रांती यांवरचा १९९४चा ग्रंथ, २००३चा बौद्ध धम्मावरचा, २००४चे आंबेडकर-चरित्र, रविदासांपासून पेरियारांपर्यंत जातिविरोधी विचारवंतांच्या स्वप्नांचा मागोवा घेणारे २००८चे ‘सीकिंग बेगमपुरा’. भारत पाटणकरांसह केलेले तुकोबांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर २०१२चे. पुणे विद्यापीठात, ओडिशात, कोपनहेगनला त्यांनी शिकवले. पण पत्ता कासेगावचाच राहिला. पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावरचे ते गाव, कऱ्हाड आणि इस्लामपूरच्या मध्ये. जगभरचे विद्यार्थी तिथे उतरत आणि घरी भाकरी-आमटी खाऊन परतत.

नवख्या वाचकाने या चरित्राबरोबर आधी स्त्रियांच्या लढ्यांवरचे १९८०चे पुस्तक घ्यावे, मग फुल्यांवरचा प्रबंध. धम्मावरचा ग्रंथ मागाहून. त्यांच्या लेखनात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची खोरी फारशी येत नाहीत. येरळा, कृष्णा, आटपाडीचा माळ, दुष्काळी पट्टा हा त्यांचा मुलूख. जिथे पाऊस कोसळतो आणि तरी माघात हंडा घेऊन झऱ्यावर जावे लागते तो मुलूख नव्हे. नीरा-देवघर, भाटघर, गुंजवणी, पानशेत यांच्या बुडितातल्या गावांसाठी येरळेकाठी झाले तसे टिपण अजून व्हायचे आहे. त्याची साधने महसुली दप्तरांत आहेत: भूसंपादनाच्या नोटिसा, संकलन रजिस्टर, फेरफार, जुने गावठाणाचे नकाशे. आणि दप्तरात नसलेले बरेच काही पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बायकांना तोंडपाठ आहे. कोणत्या वाडीचे कोणते शेत कुठल्या पाण्याखाली आहे, कुणाला खाली जमीन मिळाली आणि कोण ती विकून पुण्याला गेले, हे त्या नावानिशी सांगतात.